एसएचएमची गणितं: आधी समतोल, मग बल, सूत्र सगळ्यात शेवटी

सरल हरात्मक गतीच्या (एसएचएम) धड्यात पाठ करण्यासारखी सूत्रं फारशी नाहीत, आणि जी आहेत ती बहुतेकांना येतात. तरी पेपरात या धड्याच्या गणिताला हात अडखळतो. दिलेले आकडे बघून सूत्र आठवायचं, ही सवय इथे नडते. वस्तुमान दिलंय, स्प्रिंगचा स्थिरांक दिलाय, म्हणजे दोलनकालाचं सूत्र टाका! गणितात विचारलेलं असतं, वस्तू पहिल्यांदा डाव्या टोकाला किती वेळानं पोचेल. दोलनकाल बरोबर येतो आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही.

आकड्यांऐवजी प्रश्नाकडे बघा. या धड्यातली जवळजवळ सगळी गणितं तीन रस्त्यांनी सुटतात. दोलनकाल काढायचा असेल तर बलाचा रस्ता. ‘किती सेकंदांनी’, ‘कधी’, ‘पुन्हा केव्हा’ असं काही विचारलं असेल तर वर्तुळाचा. वेळेचा उल्लेखच नसेल, नुसती जागा आणि वेग असेल, तर ऊर्जेचा. रस्ता चुकला की दोन ओळींचं गणित पानभर होतं.

सूत्रं इथे शब्दांत लिहिली आहेत, वहीत तुमची नेहमीची चिन्हं वापरा. ‘ओमेगा’ म्हणजे कोनीय वारंवारिता (२पाय ÷ दोलनकाल), ‘के’ म्हणजे स्प्रिंगचा स्थिरांक, ‘एम’ वस्तुमान आणि ‘जी’ गुरुत्वत्वरण.

समतोल कुठे आहे?

रस्ता कुठलाही असो, पहिली खूण समतोल स्थितीची. ज्या जागी वस्तूवरचं एकूण बल शून्य असतं ती जागा. विस्थापन तिथून मोजायचं, आयाम (तिथून टोकापर्यंतचं अंतर) तिथून मोजायचा. आडव्या स्प्रिंगमध्ये ही जागा आणि स्प्रिंगची मूळ लांबी एकच असते, म्हणून तिथे कुणी चुकत नाही. स्प्रिंग उभी टांगली की घोळ सुरू होतो.

गणित असं: उभ्या स्प्रिंगला ०.५ किलोग्रॅमचं वजन हलकेच टांगलं, तेव्हा ती ४.९ सेंटीमीटर ताणून स्थिर झाली. आता वजन उचलून स्प्रिंग मूळ लांबीला आणली आणि सोडून दिलं. दोलनकाल, आयाम, जास्तीत जास्त ताण (स्प्रिंगच्या लांबीतली वाढ) आणि कमाल वेग काढा.

वजन स्थिर असताना वर ओढणारं बल आणि वजन सारखं: के × ०.०४९ = ०.५ × ९.८. म्हणून के = १०० न्यूटन प्रति मीटर. ओमेगाचा वर्ग = के ÷ एम = २००, ओमेगा सुमारे १४.१४ रेडियन प्रति सेकंद, दोलनकाल सुमारे ०.४४ सेकंद.

आयाम किती? समतोल स्थिती मूळ लांबीच्या ४.९ सेंटीमीटर खाली. वजन सोडलं ते मूळ लांबीवर, तेही स्थिर अवस्थेत. स्थिर अवस्थेत सोडलेली जागा म्हणजे एक टोक. म्हणून आयाम ४.९ सेंटीमीटर. दुसरं टोक समतोलाच्या तितकंच खाली, म्हणजे जास्तीत जास्त ताण ९.८ सेंटीमीटर. कमाल वेग = आयाम × ओमेगा = ०.०४९ × १४.१४, सुमारे ०.६९ मीटर प्रति सेकंद.

यात एक गोष्ट हातात सापडते. के आणि एम दोन्ही नसते तरी दोलनकाल आला असता: ओमेगाचा वर्ग = जी ÷ स्थिर ताण = ९.८ ÷ ०.०४९ = २००. वस्तुनिष्ठ प्रश्नांत ‘स्प्रिंग इतकी ताणली जाते’ एवढंच देऊन दोलनकाल विचारतात, तेव्हा मुलं वस्तुमान शोधत बसतात. त्याची गरज नसते.

दोलनकाल विचारला की बल लिहा

वस्तू समतोलापासून थोडी सरकवायची. या सरकवण्यामुळे जे जास्तीचं बल आलं तेवढंच लिहायचं. आधीपासून एकमेकांना तोलून धरणारी बलं पुन्हा लिहायची नाहीत. ते बल विस्थापनाच्या सम प्रमाणात आणि उलट दिशेला आलं तर गती सरल हरात्मक. त्वरण = −(काहीतरी) × विस्थापन, या मांडणीतलं ते ‘काहीतरी’ म्हणजे ओमेगाचा वर्ग. दोलनकाल तिथूनच निघतो, वेगळं सूत्र लागत नाही.

समजा एक लाकडी दंडगोल पाण्यात उभा तरंगतोय आणि त्याचा १० सेंटीमीटर भाग बुडालेला आहे. थोडा दाबून सोडला तर दोलनकाल किती? विस्थापनाएवढा तो आणखी बुडला, तर जास्तीचं उत्प्लावक बल = पाण्याची घनता × तळाचं क्षेत्रफळ × विस्थापन × जी, दिशा वर. दंडगोलाचं वस्तुमान? तो तरंगतोय म्हणजे त्याचं वजन बाजूला सारलेल्या पाण्याइतकं, म्हणून वस्तुमान = घनता × क्षेत्रफळ × बुडालेली उंची. भागाकार केला की घनता गेली, क्षेत्रफळ गेलं, आणि त्वरण = −(जी ÷ बुडालेली उंची) × विस्थापन एवढंच उरलं. ओमेगाचा वर्ग ९.८ ÷ ०.१ = ९८, दोलनकाल सुमारे ०.६३ सेकंद. (पाण्याचा विरोध इथे धरलेला नाही.)

टांगलेल्या स्प्रिंगमध्ये जी ÷ स्थिर ताण, इथे जी ÷ बुडालेली उंची, साध्या लंबकात जी ÷ लांबी. इंग्रजी ‘यू’ आकाराच्या नळीतल्या द्रवासाठी जी ÷ द्रवस्तंभाच्या एकूण लांबीचा निम्मा. साचा एकच आहे हे एकदा दिसलं की चार सूत्रं वेगवेगळी पाठ करण्यात अर्थ उरत नाही.

बल सम प्रमाणात आलं नाही तर थांबा. जमिनीवर टप्पे घेणारा चेंडू, वेग कमी होत नाही असं मानलं तरी, आवर्ती गतीत असेल पण सरल हरात्मक नसेल, कारण हवेत असताना त्याच्यावरचं बल बदलतच नाही. लंबकाचंही बल खरं तर कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतं. कोन लहान असेल तोवर साइन आणि कोन सारखे धरतो. आयाम २० अंश असला तरी दोलनकालात फरक एक टक्क्याच्या आतच पडतो, त्यामुळे हे गृहीतक वाटतं तेवढं नाजूक नाही.

स्प्रिंगच्या जोडण्यांत मुलं चित्राला फसतात. ठोकळा मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक स्प्रिंग, दोन्हींची दुसरी टोकं भिंतींना. चित्रात सगळं एका ओळीत दिसतं म्हणून एकसर जोडणी धरली जाते. ठोकळा उजवीकडे सरकवून बघा: डावी स्प्रिंग मागे ओढते, उजवी मागे ढकलते, आणि दोघींच्या लांबीत बदल सारखाच. बदल सारखा म्हणजे समांतर जोडणी, स्थिरांकांची थेट बेरीज. एकसर जोडणीत दोघींमधलं बल सारखं असतं, ताण वेगळे. चित्र कसं काढलंय याला महत्त्व नाही.

स्प्रिंग कापली की ती ताठ होते, तिचा स्थिरांक वाढतो. लांबी आणि स्थिरांक यांचा गुणाकार कायम राहतो. १ : २ प्रमाणात कापली तर लहान तुकड्याचा स्थिरांक मूळच्या तिप्पट, मोठ्याचा दीडपट. लंबकाच्या सवयीनं इथेही ‘अर्धी लांबी, अर्धा स्थिरांक’ लिहिणारे दर वर्षी भेटतात.

वेळ विचारली की वर्तुळ काढा

सगळ्यात जास्त गुण इथे जातात आणि सगळ्यात लवकर सुधारणाही इथेच होते, म्हणून हे सावकाश वाचा.

आयामाएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याचा आडवा व्यास म्हणजे कणाचा मार्ग. वर्तुळावर एक बिंदू घड्याळाच्या उलट दिशेनं एकसमान फिरतोय आणि आपला कण म्हणजे व्यासावरची त्याची सावली, असं धरा. बिंदू वरच्या अर्ध्या भागात असेल तर सावली डावीकडे जाते, खालच्या अर्ध्या भागात असेल तर उजवीकडे. बिंदू एकसमान फिरत असल्यामुळे वेळ कोनाच्या प्रमाणात असते: ३६० अंशांना एक पूर्ण दोलनकाल.

आयाम १० सेंटीमीटर, दोलनकाल ६ सेकंद. मध्यापासून ५ सेंटीमीटरपर्यंत जायला किती वेळ? घाईत येणारं उत्तर ०.७५ सेकंद: टोकाला जायला दीड सेकंद, अर्ध्या अंतराला त्याच्या निम्मा. पण कण सारख्या वेगानं जात नाही. मध्याशी तो सुसाट असतो, टोकाकडे रेंगाळतो. वर्तुळावर मध्य म्हणजे ९० अंशांची जागा (किंवा २७०), आणि ५ सेंटीमीटर म्हणजे कोसाइन ०.५, ६० अंशांची जागा. फरक ३० अंश, म्हणजे दोलनकालाचा बारावा भाग, ०.५ सेकंद. उरलेल्या ५ सेंटीमीटरना ६० अंश, म्हणजे १ सेकंद. अंतर तेवढंच, वेळ दुप्पट.

आता दिशेचं बघू. हाच कण सुरुवातीला +५ सेंटीमीटरवर आहे. डाव्या टोकाला, −१० सेंटीमीटरवर, पहिल्यांदा केव्हा पोचेल? गणित अपुरं आहे. कण कुठे जातोय हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही. मध्याकडे, म्हणजे डावीकडे, जात असेल तर वर्तुळावरचा बिंदू वरच्या अर्ध्यात, ६० अंशांवर. डावं टोक १८० अंशांवर. फिरायचे १२० अंश, वेळ २ सेकंद. बाहेर, म्हणजे उजवीकडे, जात असेल तर बिंदू खालच्या अर्ध्यात, ३०० अंशांवर. तिथून १८० पर्यंत पुढे जायचं तर २४० अंश, वेळ ४ सेकंद. जागा तीच असून वेळ दुप्पट झाली.

प्रारंभिक कला, म्हणजे सुरुवातीच्या क्षणाचा कोन, हीही याच चित्रात मिळते. मध्याकडे जाणाऱ्या कणासाठी: विस्थापन = १० × कोसाइन(ओमेगा × वेळ + ६० अंश). पर्यायांत साइन दिलं असेल तर कोनात ९० मिळवा: १० × साइन(ओमेगा × वेळ + १५० अंश). इथे सापळा असा की साइन ०.५ हे ३० अंशांनाही येतं. ३० अंश लिहिलेत तर कण बाहेर जाणारा ठरतो. पर्यायांमध्ये ३० आणि १५० शेजारी-शेजारी ठेवलेले असतात ते उगाच नाही. अंतिम समीकरणात कोन रेडियनमध्ये लिहा; इथे ओमेगा पाय ÷ ३ आणि १५० अंश म्हणजे ५ पाय ÷ ६.

वेळ नसेल तर ऊर्जा

एका कणाचा वेग मध्यापासून ३ सेंटीमीटरवर ८ सेंटीमीटर प्रति सेकंद आणि ४ सेंटीमीटरवर ६ सेंटीमीटर प्रति सेकंद आहे. आयाम आणि दोलनकाल काढा. यात साइन-कोसाइन मांडणारे विद्यार्थी अर्ध्या पानात अडकतात. वेळेचा कुठे उल्लेख आहे का? नाही. मग ऊर्जा कायम राहते एवढंच लिहा. वस्तुमानानं भागून ती ओळ अशी दिसते: वेग² + ओमेगा² × विस्थापन² = कायम.

दोन्ही जागा भरा: ६४ + ९ × ओमेगा² = ३६ + १६ × ओमेगा². म्हणून ७ × ओमेगा² = २८, ओमेगा = २ रेडियन प्रति सेकंद. कायम राहणारी किंमत ६४ + ३६ = १००, आणि ती ओमेगा² × आयाम² एवढी असते, म्हणून आयाम ५ सेंटीमीटर. दोलनकाल पाय सेकंद, म्हणजे ३.१४. लगेच पडताळा: कमाल वेग ५ × २ = १० सेंटीमीटर प्रति सेकंद. दिलेले दोन्ही वेग त्याहून कमी आहेत. कमाल वेग जर ७ आला असता तर गणित चुकलं हे तिथेच कळलं असतं.

ऊर्जेच्या तोंडी प्रश्नांत एक गोष्ट पक्की ठेवा. स्थितिज ऊर्जा विस्थापनाच्या वर्गावर जाते. आयामाच्या निम्म्या अंतरावर ती एकूण ऊर्जेच्या २५ टक्केच असते, बाकी ७५ टक्के गतिज. दोन्ही सारख्या होतात आयाम ÷ √२ वर, म्हणजे आयामाच्या सुमारे ७१ टक्के अंतरावर.

मध्येच काही बदललं तर

गुळगुळीत टेबलावर आडव्या स्प्रिंगला जोडलेला ०.९ किलोग्रॅमचा ठोकळा ८ सेंटीमीटर आयामानं दोलन करतोय. तो मध्यातून जात असताना वरून ०.७ किलोग्रॅमचा मातीचा गोळा सरळ खाली पडून त्याला चिकटला. नवा आयाम?

ऊर्जा कायम धरून उत्तर काढलंत तर चुकलं. चिकटण्याच्या क्षणी काही गतिज ऊर्जा वाया जाते. आडव्या दिशेतला संवेग तेवढा टिकतो. नवा वेग = जुना वेग × ०.९ ÷ १.६. चिकटून झाल्यावर मात्र ऊर्जा पुन्हा कायम. के तोच आहे, म्हणून आयाम = वेग × √(एम ÷ के) वापरा: नवा आयाम = ८ × √(०.९ ÷ १.६) = ८ × ०.७५ = ६ सेंटीमीटर.

हाच गोळा टोकाशी पडला असता तर? तिथे ठोकळ्याचा वेग शून्य, हरवायला गतिज ऊर्जा नाही, आयाम ८ चा ८ राहतो. दोलनकाल मात्र दोन्ही वेळा वाढतो, कारण वस्तुमान वाढलं. स्प्रिंग उभी असेल तर आणखी एक काम वाढतं: नव्या वस्तुमानाची समतोल स्थिती खाली सरकते, म्हणून आयाम नव्या जागेपासून मोजावा लागतो.

लंबक

लंबकाच्या गणितात प्रश्न एकच: गोळ्याला जाणवणारा जी किती? लिफ्ट वर जाताना वेग वाढवत असेल तर जी + त्वरण, दोलनकाल कमी. एकसमान वेगानं वर जात असेल तर काहीच बदल नाही. खाली येताना वेग कमी करत असेल तरी त्वरणाची दिशा वरच, म्हणून पुन्हा जी + त्वरण. प्रश्नातल्या ‘वर’ आणि ‘खाली’कडे न बघता त्वरणाची दिशा बघा. सरळ रस्त्यावर त्वरणानं जाणाऱ्या गाडीत √(जी² + त्वरण²). आणि त्याच लिफ्टमधली स्प्रिंग? तिचा दोलनकाल बदलतच नाही, फक्त समतोल सरकतो.

टक्केवारीत लांबी २ टक्के वाढली तर दोलनकाल १ टक्का वाढतो, घड्याळ दिवसाला सुमारे १४ मिनिटं मागे पडतं. पण हा ‘निम्मा करा’ नियम लहान बदलांपुरताच. लांबी ४४ टक्के वाढली तर उत्तर २२ नव्हे, √१.४४ = १.२, म्हणजे २० टक्के.

लंबकाच्या सूत्राची एक जुनी परीक्षा इतिहासात झालेली आहे. १६७२ मध्ये झाँ रिशेर हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे लंबकाचं घड्याळ घेऊन गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं घड्याळ विषुववृत्ताजवळ रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं आणि त्याला लंबक थोडा आखूड करावा लागला. आजच्या किमती घालून बघा: पॅरिसला जी ९.८१, कायेनला ९.७८. जी सुमारे ०.३१ टक्के कमी, दोलनकाल त्याच्या निम्म्यानं, ०.१५ टक्क्यांनी, जास्त. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणून फरक सुमारे १३० सेकंद, सव्वादोन मिनिटांच्या आत-बाहेर. सतराव्या शतकातल्या घड्याळाच्या मानानं बरंच जवळ.

पेपर लिहिताना

बारावी बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं. त्यामुळे वर्गमूळ शेवटपर्यंत ओढत न्या, मध्येच दशांशात उतरवू नका. बऱ्याचदा पाय किंवा √२ वर-खाली कटतात. पायचा वर्ग ९.८७, जी ९.८, म्हणून अंदाज घ्यायला दोन्ही सारखे धरता येतात: एक मीटरच्या लंबकाचा दोलनकाल जवळजवळ २ सेकंद असतो तो यामुळेच. घरी सराव करताना कॅल्क्युलेटर वापरत असाल तर तो रेडियनवर आहे का ते बघा. साइन २ रेडियन ०.९१ असतं, साइन २ अंश ०.०३५.

सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटही मिळत नाही. तिथे वर्तुळ हातानं पूर्ण काढू नका, पण ३०, ४५, ६० अंशांच्या जागा डोळ्यांसमोर हव्यात: मध्यापासून निम्म्या आयामाला दोलनकालाचा १२ वा भाग, आयाम ÷ √२ ला ८ वा, टोकाला ४ था. त्वरण-विस्थापनाचा आलेख दिला असेल तर तो उतरती सरळ रेषा असतो आणि चढाची किंमत, उणे चिन्ह काढून, थेट ओमेगाचा वर्ग.

एक गणित करून बघा, यात समतोल आणि बल दोन्ही लागतात. आडवी फळी वर-खाली सरल हरात्मक गतीत हलतेय, आयाम ५ सेंटीमीटर, आणि फळीवर एक नाणं आहे. वारंवारिता हळूहळू वाढवत नेली तर नाणं फळी केव्हा सोडेल? नाण्यावर दोनच बलं, खाली वजन आणि वर फळीचा आधार. फळी नाण्याला वर ढकलू शकते, खाली ओढू शकत नाही. म्हणून खालच्या दिशेचं त्वरण जी पेक्षा जास्त व्हायला लागलं की नाणं मागे राहणार. सीमा: ओमेगा² × ०.०५ = ९.८, ओमेगा² = १९६, ओमेगा = १४, वारंवारिता सुमारे २.२ हर्ट्‌झ. नाणं सुटतं ते वरच्या टोकाला. खालच्या टोकालाही त्वरण तेवढंच असतं, पण त्याची दिशा वर असते, आणि तिथे फळी नाण्याला वजनाच्या दुप्पट बलानं वर रेटत असते.